रडारच्या पडद्यावर पक्षी पाहताना

मी मूळची उरणची. पुण्यात इलेक्ट्रॉनिक्स शिकले, नोकरीसाठी नेदरलँड्सला आले आणि इथे ॲमस्टरडॅमच्या स्खिपोल विमानतळाभोवती उडणाऱ्या पक्ष्यांच्या रडार-नोंदी तपासण्याच्या कामाला लागले. विमानाला पक्षी धडकणं, ज्याला आपल्याकडे सगळेच ‘बर्ड हिट’ म्हणतात, ते कमी व्हावं म्हणून हा खटाटोप.

या कामासाठी स्खिपोल ही भलतीच अवघड जागा. विमानतळ ज्या हार्लेममेर भागात आहे, तिथे पूर्वी मोठं सरोवर होतं. १८५२ साली ते उपसून कोरडं केलं. जमीन आजही समुद्रसपाटीच्या खाली आहे. चहूकडे कालवे, गव्हाची आणि बीटाची शेतं, गवताची कुरणं. प्यायला पाणी, खायला दाणा आणि उतरायला मोकळं रान, म्हणजे पक्ष्यांची सगळी सोय. शिवाय उत्तरेकडून आफ्रिकेकडे जाणारी स्थलांतराची वाट इथूनच जाते. आता मुंबई आणि नवी मुंबईतही हाच विषय वरचेवर निघतो, म्हणून इथे जे शिकले ते मराठीत लिहून काढते आहे.

१. रडारला पक्षी दिसतो, पक्ष्याची जात दिसत नाही.

पक्ष्याच्या अंगात पाणी भरपूर असतं आणि रडारच्या लहरी त्या ओल्या अंगावरून परत येतात. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश रडारचालकांना रिकाम्या आभाळात ठिपके दिसायचे. त्यांना ते ‘एंजल्स’ म्हणत. डेव्हिड लॅक आणि जॉर्ज व्हार्ली या दोघा शास्त्रज्ञांनी १९४५ साली ‘नेचर’मध्ये लिहून दाखवलं की रडारवर पक्षी दिसतात. शत्रूची विमानं शोधायला उभारलेल्या यंत्रणेतून पक्ष्यांच्या अभ्यासाची एक नवी शाखा निघाली, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

विमानतळावरच्या पक्षी-रडारमध्ये सहसा दोन प्रकारच्या लहरी वापरतात, साधारण १० सेंटिमीटर लांबीच्या आणि साधारण ३ सेंटिमीटर लांबीच्या. आडवा फिरणारा अँटेना दिशा आणि अंतर सांगतो, उभा फिरणारा उंची सांगतो. पडद्यावर ठिपका येतो, त्यामागे शेपटीसारखी रेघ उमटते आणि शेजारी वेग, दिशा, अंदाजे आकार. नव्या यंत्रांना पंखांच्या फडफडीचा ताल मोजता येतो. तेवढ्यावरून यंत्र ‘मोठा पक्षी’, ‘लहान पक्षी’ किंवा ‘थवा’ अशी वर्गवारी करतं. त्यापलीकडे ते जात नाही.

धावपट्टीला मात्र जात माहीत असावी लागते. राखी बगळा एकटा येतो, सावकाश जातो. टिटव्या गवतातून एकदम सगळ्या उठतात. कुरव पक्ष्यांचा थवा नांगरणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागे तासन्‌तास भिरभिरतो. पडद्यावर यांच्या रेघा सारख्याच दिसू शकतात. म्हणून दर मोसमात पडताळणी करावी लागते. मी पडद्यासमोर बसते, पक्षी-पथकातला गडी दुर्बीण घेऊन गाडीत. वायरलेसवर विचारायचं, “तुझ्या ईशान्येला दोन किलोमीटरवर काय आहे?” तो सांगणार, “चार कलहंस, खाली उतरताहेत.” ते त्या रेघेपुढे लिहायचं, की पुढची रेघ. थंडीत बोटं गारठून जातात, पण ही पडताळणी नसेल तर त्या रेघांना अर्थ नाही. यंत्र विकायला येणारी मंडळी या कामाबद्दल फार कमी बोलतात. यंत्र विकत घेणाऱ्याने पहिला प्रश्न याचाच विचारावा.

२. सगळे ठिपके पक्ष्यांचे नसतात आणि सगळ्या पक्ष्यांचा ठिपका उमटत नाही.

पवनचक्कीचं पातं, पावसाची सर, विमानतळाला खेटून जाणाऱ्या महामार्गावरचे ट्रक, उन्हाळी संध्याकाळी कालव्यावर उठणारे किड्यांचे लोट, असं सगळं रडारला दिसतं. आम्ही त्याला ‘क्लटर’ म्हणतो. ते गाळायला चाळण्या लावतात आणि चाळणी बारीक केली की तिच्यात पक्षीही अडकतात. खरुची हे ठळक उदाहरण. हा छोटा शिकारी पक्षी वाऱ्याकडे तोंड करून हवेत एका जागी पंख मारत थांबतो, खाली उंदीर शोधतो. ‘जे हलत नाही ते काढून टाक’ असं यंत्राला सांगितलं की खरुची पडद्यावरून नाहीशी होते. आणि विमानाला धडकणाऱ्या पक्ष्यांत खरुची नेहमीची आहे.

३. बसलेला पक्षी रडारला दिसत नाही.

१५ जुलै १९९६ रोजी याच देशातल्या आइंडहोव्हन विमानतळावर बेल्जियन हवाई दलाचं हर्क्युलिस विमान उतरत होतं. आत डच लष्कराच्या बँडमधले वादक होते. धावपट्टीजवळून मैनेच्या कुळातले स्टार्लिंग आणि टिटव्यांचा मोठा थवा अचानक उठला. पक्षी इंजिनांत गेले, विमान कोसळून पेटलं आणि ३४ माणसं मेली. गवतात बसलेला असा थवा दुरून दिसत नाही, रडारलाही दिसत नाही. तो शोधायला गस्तीची गाडी आणि माणसाची नजरच लागते. रडार घेतलं म्हणून गस्तीची माणसं कमी करू म्हणणाऱ्यांना मी आइंडहोव्हनची आठवण करून देते.

४. पक्ष्यांचं वेळापत्रक ठरलेलं असतं, आणि रडारचं खरं काम ते वेळापत्रक काढून देण्याचं आहे.

इतक्या वर्षांत मला सगळ्यात मोलाची वाटलेली गोष्ट ही. लोकांना वाटतं, रडार म्हणजे पक्षी आला की घंटा वाजवणारं यंत्र. घंटेचा उपयोग थोडा. उपयोग आहे तो महिनोन्‌महिने साठवलेल्या रेघांचा.

कलहंस रात्री पाण्यावर असतात. उजाडलं की शेतात चरायला जातात आणि दिवस मावळता पुन्हा पाण्यावर येतात. जुलै-ऑगस्टात गव्हाची कापणी झाली की जमिनीवर सांडलेल्या दाण्यांसाठी ते भोवतालच्या शेतांत गोळा होतात. तीन-साडेतीन किलोचा पक्षी, तोही थव्याने. पाणी एका बाजूला, दाणा दुसऱ्या बाजूला आणि मध्ये धावपट्टी असेल, तर धोका रोज ठरलेल्या वेळी येतो.

दुर्बीण घेऊन उभ्या असलेल्या माणसाला एका संध्याकाळचे हंस दिसतात. रडारच्या महिन्याभराच्या रेघा एका नकाशावर एकावर एक ठेवल्या की वेगळंच चित्र उभं राहतं. ऑगस्टातला असा एक नकाशा मला चांगला आठवतो. सुरुवातीच्या दिवसांत इकडेतिकडे विखुरलेल्या बारीक रेघा. मग एका ठिकाणी कापणी झाली आणि त्याच आठवड्यात त्या शेतापासून तळ्यापर्यंत एक जाड तिरपा पट्टा उमटला. सूर्यास्ताच्या आगेमागे अर्धा-पाऊण तास, बहुतेक रेघा शंभर मीटरच्या खाली. बाकीच्या वेळी त्या वाटेवर जवळजवळ काही नाही. त्या पट्ट्याकडे बोट दाखवून सांगता येत होतं की धोका या शेतामुळे आहे, या वेळी आहे आणि या उंचीवर आहे. एवढं नेमकं कळलं की गस्तीची गाडी कधी, कुठे उभी करायची हे ठरतं. आणि कोणत्या शेतकऱ्याच्या दारात जायचं, हेही.

हंसांच्या पलीकडची वेळापत्रकंही रडारने दाखवली. पाकोळी दिवसभर छपरांच्या उंचीवर किडे पकडताना दिसते. इथल्या हवामान-रडारच्या नोंदींतून ॲड्रियान डॉक्टर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली दाखवलं की पाकोळ्या संध्याकाळच्या संधिप्रकाशात अडीच किलोमीटरपर्यंत उंच चढतात, आणि पहाटे पुन्हा. उघड्या डोळ्यांनी हे कुणी कसं मोजलं असतं!

५. उपाय पडद्यावर होत नाही, शेतात होतो.

स्खिपोलभोवतीच्या शेतकऱ्यांशी करार झाले आहेत. धान्य कापलं की सांडलेला दाणा पडून राहू द्यायचा नाही, लगेच जमिनीत नांगरून टाकायचा. त्याचा मोबदला शेतकऱ्याला मिळतो. वाचायला सोपं वाटतं. कापणीच्या दिवसांत शेतकऱ्याला श्वास घ्यायला फुरसत नसते, पाऊस डोक्यावर असतो, आणि अशा वेळी कुणीतरी येऊन म्हणतं, तुमचा ट्रॅक्टर आजच नांगराला जुंपा.

असाच एक म्हातारा शेतकरी माझ्याशी आधी फटकूनच वागला. “हंस माझा गहू खातात तेव्हा तुमच्यापैकी कुणी येत नाही, विमानाला लागले की येता,” असं तोंडावर म्हणाला. मी त्याला नकाशा दाखवला. त्याने चष्मा लावून तो बराच वेळ पाहिला, मग तळ्याकडच्या एका कोपऱ्यावर बोट ठेवलं. म्हणाला, या तुकड्यात पाणी साचतं, दाणा फुगून कोवळे कोंब येतात, हंस त्या कोंबांसाठी येतात. रडारच्या कुठल्याही नोंदीत ही माहिती आली नसती. तिथून आम्ही दोघंही त्या नकाशावर मोकळेपणाने बोललो.

२०२१ साली इथे दोन धावपट्ट्यांच्या मधल्या दोन हेक्टर शेतात २० डुकरं सोडून पाहिली. बीट काढल्यावर जमिनीवर उरलेलं सगळं डुकरांनी खावं आणि हंसांसाठी काही शिल्लक राहू नये, हा हेतू. परिणाम तपासायला शेजारच्या बिनडुकरांच्या शेताशी तुलना केली आणि त्यासाठी पक्षी-रडार वापरलं. मला असे प्रयोग मनापासून आवडतात. एखादा उपाय चालतो की नाही हे पूर्वी मतांवर ठरायचं, आता मोजता येतं.

६. इशारा मिळाला म्हणून विमान वळत नाही.

१५ जानेवारी २००९ ला न्यूयॉर्कच्या लाग्वार्डियावरून निघालेल्या एअरबसच्या दोन्ही इंजिनांत कॅनडा हंस गेले. वैमानिक सलनबर्गर यांनी विमान हडसन नदीत उतरवलं आणि सगळे १५५ जण वाचले. ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. तिच्यातला एक तपशील मात्र क्वचित सांगितला जातो. हंस सुमारे २,८०० फुटांवर होते, विमानतळापासून बरेच दूर, म्हणजे कुठल्याही गस्तीच्या गाडीच्या हद्दीबाहेर. रडारवर तो थवा दिसला असता असं धरलं, तरी ठिपका ओळखायचा, नियंत्रकाला सांगायचं, नियंत्रकाने वैमानिकाला सांगायचं आणि वैमानिकाने वर चढणाऱ्या, वजनाने भरलेल्या विमानाचं काय करायचं ते ठरवायचं, हे सगळं काही सेकंदांत. आणि रोज हजारो ठिपके. प्रत्येक ठिपक्याला ‘सावधान’ म्हटलं तर आठवड्याभरात त्या शब्दाकडे कुणी लक्ष देणार नाही.

स्खिपोललाही ६ जून २०१० रोजी असंच संकट आलं होतं. कासाब्लांकाला निघालेलं बोइंग ७३७ उड्डाण घेताना कॅनडा हंसांच्या थव्यात शिरलं. डावं इंजिन निकामी झालं, चाकं पूर्ण आत जाईनात आणि विमान हार्लेम शहरावरून धोकादायक खालून उडत परत आलं. दीडशेहून अधिक प्रवासी सुखरूप उतरले. त्या घटनेनंतर इथे हंसांची संख्या, त्यांचं खाणं, त्यांच्या जागा आणि तांत्रिक उपाय या चारही बाजूंनी एकदम काम सुरू झालं. रडार त्यातल्या एका बाजूचा एक भाग आहे. मला हे प्रमाण योग्य वाटतं.

पक्षी स्वतःहून बाजूला होईल, या भरवशावर राहू नये. अमेरिकेत काऊबर्ड पक्ष्यांना भरधाव गाडीची चित्रफीत दाखवून पाहिलं. गाडीचा वेग कितीही असो, ते तिचं अंतर बघून उडायचं ठरवत. वेग एका मर्यादेपलीकडे गेला की उडून जायला त्यांना वेळच उरत नसे. विमानाचा वेग तर कितीतरी जास्त. आणि वेग दुप्पट झाला की आघाताची ऊर्जा चौपट होते.

लष्कराचं गणित वेगळं. त्यांना सरावाची वेळ आणि वाट बदलता येते. इस्रायलवरून स्थलांतराच्या मोसमात जवळजवळ ५० कोटी पक्षी जातात. पक्षितज्ज्ञ योसी लेशेम यांनी मोटर-ग्लायडरमधून थव्यांबरोबर उडून आणि रडारच्या मदतीने त्यांच्या वाटा आणि वेळा काढल्या, आणि तिथल्या हवाई दलाने त्या काळात त्या वाटा सोडून दिल्या. डच आणि बेल्जियन हवाई दलंही रडारवरून पक्ष्यांची दाटी मोजून खालच्या उंचीवरचं उड्डाण थांबवतात. नागरी विमानतळावर दर दोन मिनिटांनी विमान सुटतं. तिथे ही मुभा जवळजवळ नाही.

७. रात्र विसरू नका.

ऑक्टोबरातल्या स्वच्छ रात्री, पाठीवरचा वारा असला की उत्तरेकडून लहान पक्ष्यांचे लोंढे येतात. शहर झोपलेलं, आभाळ रिकामं वाटतं आणि पडदा भरून जातो. २०२३ पासून इथे समुद्रातल्या पवनचक्क्या अशा मोठ्या स्थलांतराच्या रात्री काही तास मंद करतात. रडारच्या नोंदी नसत्या तर ही कल्पनाच सुचली नसती.

८. हाकललेला पक्षी कुठेतरी जातो, आणि ते ‘कुठेतरी’ आधी शोधायचं असतं.

या देशात विमानतळाभोवतीचे हजारो हंस सरकारी परवानगीने पकडून वायूने मारले गेले. सुरक्षेसाठी ते करावं लागलं हे मला कळतं, पण त्या दिवसांतल्या नोंदी तपासताना मला वाईट वाटत असे, आणि त्याची मला लाज वाटत नाही. दाणा आणि पाणी जागेवर असेल तर रिकाम्या जागेत नवे हंस येतात. जागाच मोडली तर ते दुसरी शोधत फिरतात. विमानाला धोका उडणाऱ्या पक्ष्याचा. दूरच्या तळ्यात स्वस्थ उभा असलेला पक्षी उडत नाही. त्याचं तळं बुजवलं की तो हवेत येतो.

म्हणूनच मला माझ्या गावाकडची काळजी वाटते. २० मे २०२४ च्या रात्री मुंबईला उतरणारं विमान घाटकोपरवर फ्लेमिंगोंच्या थव्याला धडकलं. ३९ फ्लेमिंगो मेले, विमान सुखरूप उतरलं. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य तिथून जवळ. आता खाडीच्या दुसऱ्या अंगाला नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला आहे. फ्लेमिंगो भरती-ओहोटीवर चालतात. ओहोटीला खाडीचा चिखल उघडा पडतो तेव्हा तिथे चरतात, भरतीला चिखल बुडाला की नेरूळ-सीवूड्सच्या तळ्यांत, पाणजेसारख्या पाणथळ जागांत उभं राहायला येतात. मच्छीमारी करणारे माझे मामा हे ऐकून म्हणाले, “ह्याला रडार कशाला लागतं गं? भरतीचं कोष्टक बघ.” मामांचं वेळेच्या बाबतीत अगदी खरं आहे. पण अंधारात थवा कुठल्या वाटेने जातो, किती उंचीवरून जातो आणि विमानांच्या उतरण्याच्या मार्गाला कुठे छेदतो, हे कोष्टक सांगत नाही. ते रडार सांगतं.

भरतीच्या वेळच्या या जागा बुजवल्या तर थवे उभं राहायला दुसरीकडे जागा शोधत, रात्रीच्या वेळी, विमानांच्या वाटेवर घिरट्या घालतील. ‘पक्षी नकोत, म्हणून पाणथळ जागा नकोत’ हा युक्तिवाद मला उलटा वाटतो. आधी रडारने भरती-ओहोटीची सगळी चक्रं आणि सगळे ऋतू मोजावेत, कोणत्या तळ्याकडे जाणारी वाट धोक्याची आहे आणि कोणती नाही ते नकाशावर मांडावं, तो नकाशा लोकांसमोर ठेवावा. तळ्याचं काय करायचं ते त्यानंतर ठरवावं. आपल्याकडे या अभ्यासाची परंपरा आहे. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने १९८०च्या दशकातच देशभरच्या विमानतळांवरच्या पक्ष्यांचा अभ्यास केला होता आणि अलीकडे फ्लेमिंगोंना उपग्रह-ट्रान्समीटर लावून त्यांच्या वाटाही तपासल्या आहेत. रडारच्या रेघांना पडताळणीची जोड देणारी माणसं मुंबईत तयार आहेत.

९. विमानतळाच्या कुंपणाबाहेरच्या माणसांनाही इथे काम आहे.

१९३७ च्या विमान नियमांतल्या ९१ व्या नियमाने विमानतळाच्या १० किलोमीटरच्या आत उघड्यावर जनावरं कापायला आणि पक्षी गोळा होतील असा कचरा टाकायला बंदी आहे. आपल्याकडे घारी धावपट्टीवर घिरट्या घालतात, त्यामागे उघड्यावरचा मांसाचा आणि मासळीचा कचरा मोठं कारण आहे. तो उचलायला कुठलंही यंत्र लागत नाही. तुमच्या वॉर्डात असा ढीग दिसला तर पालिकेकडे तक्रार करा आणि ढीग उचलेपर्यंत मागे लागा.

उरण, उलवे, नेरूळ, ऐरोलीच्या वाचकांना आणखी एक विनंती. भरतीच्या वेळी थवा कुठून उठला, कोणत्या दिशेला गेला, किती वाजता गेला आणि अंदाजे किती पक्षी होते, एवढं तारखेसह लिहून ठेवा आणि ई-बर्ड या पक्षी-नोंदींच्या संकेतस्थळावर टाका. रात्री आवाज ऐकू आला तर तोही नोंदवा. उद्या तिथल्या रडारच्या पडद्यावर रेघा उमटतील, तेव्हा त्या कुणाच्या आहेत हे सांगायला याच नोंदी लागणार आहेत.